काळ्या पट्ट्या

३ फेब्रुवारी, सोमवार

रक्तदाब एकशे ऐंशीवर गेला म्हणून डॉक्टर वर्गमित्राकडे गेलो, तर त्या गाढवाने गोळ्या दिल्याच, वर एक वही घालायला सांगितली. म्हणाला, “राग आला की लिहायचं. कशाने आला, किती वेळ टिकला, नंतर तू काय केलंस.” मी म्हटलं, मला राग येत नाही, मला मूर्खपणा सहन होत नाही. म्हणाला, “मग मूर्खपणा आला की लिही.” बायकोने संध्याकाळच्या आत वही आणून टेबलावर ठेवली. एरवी एक बल्ब आणायला सांगितला तर तिला चार दिवस लागतात. वही कुणी बघणार नाही म्हणतो, पण त्याचा भरवसा नाही, आणि त्याला दातांतलं ओ की ठो कळत नाही. म्हणून त्यालाही समजेल असं लिहितो.

आज राग आला नाही. आज शिस्त लावावी लागली.

पुढच्या महिन्यात तपासणी आहे. रुग्णसेवा आणि स्वच्छता, दोन्हींत पहिली श्रेणी मिळाली तर तसा फलक दारावर लागेल. शहरात एकाही दातांच्या दवाखान्यावर तो नाही. एकवीस वर्षं मी या फलकासाठी जगलो म्हटलं तरी चालेल. माझ्या दवाखान्यात माशी येत नाही. लोक म्हणतात नाकावरही बसू देत नाही, म्हणोत.

प्रत्येक रुग्णाची हत्यारं वेगळ्या पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचा भक्कम कुकर. पाकिटावर फिकट रेघांची पट्टी असते. वाफ पुरेशी तापली आणि पुरेसा वेळ टिकली, की पट्टी काळी होते. काळी असेल तर वापरायचं, फिकट असेल तर परत लावायचं. रोज सकाळी नऊला मी कपाट उघडून एकेक पट्टी स्वतः बघतो. आज अकरा फिकट निघाल्या.

ताईला हाक मारली. ताई म्हणजे माझी मदतनीस, सतरा वर्षं माझ्याकडे आहे. म्हणते, “साहेब, मशीनच्या दारातून वाफ सुटते. रबर गेलंय बहुतेक. दाब चढतच नाही.” नाचता येईना अंगण वाकडं! मशीन मी स्वतः निवडून आणलेलं आहे. दार नीट आवळायचं नाही आणि रबराच्या नावाने खडे फोडायचे. मी म्हटलं, मशीन नाही बिघडलं, तुमचे हात बिघडलेत. ती पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात ट्रे माझ्या हातून सुटला आणि तिच्या भुवईला लागला. रक्त बरंच आलं, भुवईचं येतंच. तीन टाके पडले. मी स्वतः घातले, इतके बारीक की महिन्याभरात खूण शोधावी लागेल. ती हूं की चूं न करता बसली होती, आणि झाल्यावर थँक्यू म्हणाली.

किती वेळ टिकला: पाच मिनिटं. नंतर काय केलं: टाके घातले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चौतीसच्या चौतीस पट्ट्या काळ्याभोर. काल म्हणे रबर गेलं होतं. रातोरात आपलं आपण बरं झालं वाटतं! माणसाला धाक लागतो, दुसरं काही नाही. हे मी बायकोला रात्री जेवताना सांगितलं. ती “हो” म्हणाली आणि ताटं उचलली. माझं अजून संपलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

एका कॅशियरने माझं बोट चावलं. पन्नाशीचा घोडा, दाढ कोरताना सगळ्या दातांनी कचकन मिटला. माझा हात आपोआप उठला आणि त्याच्या गालावर बसला. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तसं. त्यालाही ते पटलं असावं, कारण नंतर तो अगदी शहाण्यासारखा आ करून बसला. दाढ उत्तम भरली गेली.

माझ्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीण आहे, तिला आम्ही ज्युनिअर म्हणतो. हुशार आहे, पण तिला बघत राहायची सवय आहे. आज अख्खा वेळ माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “रुग्णाच्या तोंडात बघ, माझ्या नको.” कॅशियरसुद्धा हसला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज राग आला. कबूल करतो.

बाहेर आठ माणसं बसलेली, दार उघडं, आणि ज्युनिअर मला विचारते, “सर, मशीनची जंतूंची चाचणी करून घ्यायची का? जंतू असलेली एक छोटी नळी आत ठेवायची आणि नंतर लॅबला पाठवायची. ते मेले की नाही ते कळतं. आपण वर्षभरात केली नाहीये.” आठ माणसांसमोर! वर्षभरात केली नाहीये! पट्ट्या काळ्या आहेत, रजिस्टर भरलेलं आहे, रोज ताईची सही आहे, आणि हिला जंतू मेले का ते बघायचंय. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात तोंडाचा आरसा होता, तो फेकला. भिंतीला लागला, तिला लागला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तिचं तोंड बघून कुणालाही वाटलं असतं की तिलाच लागला.

किती वेळ टिकला: दुपारपर्यंत. नंतर काय केलं: आरसा उचलायला सांगितला. ताईने उचलला.

ताई हल्ली नऊऐवजी सातलाच येते. मागच्या खोलीत शेगडीवर मोठं पातेलं चढवलेलं असतं, भिंतींना घाम सुटलेला असतो. मी विचारलं तर म्हणाली, चहाचं पाणी. पाच माणसांच्या चहाला एवढं पातेलं? पण पट्ट्या अशा काळ्या आहेत की एकवीस वर्षांत पाहिल्या नाहीत, तर चहा पिऊ दे बापडीला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दाढ काढलेले तीन जण सुजलेली तोंडं घेऊन परत आले. एक शिंपी, एक शाळेतल्या बाई आणि एक म्हातारा, ज्याला काढली ती दाढ कुठल्या बाजूची हेसुद्धा आता आठवत नाही. तिघांचीही जखम पिकलेली होती. तंबाखू खायची, काड्या घालायच्या, घाणेरड्या बोटांनी चाचपायचं, आणि मग डॉक्टर! दोघं औषध घेऊन गुपचूप गेले. शिंपी मात्र नाकाने कांदे सोलायला लागला. “हत्यारं नीट धुता ना हो?” असं मला विचारलं. मला!

मी त्याची कॉलर धरली, कपाटापाशी नेलं आणि त्याचं नाक पाकिटांवर टेकवून विचारलं, “ही पट्टी कुठल्या रंगाची आहे?” “काळी,” म्हणाला. “ही?” “काळी.” सहा पट्ट्या मोजून दाखवायला लावल्या. मग पायऱ्यांपर्यंत पोचवला. शेवटच्या दोन पायऱ्या तो स्वतःच पडला.

वर आलो तर ताई कपाटाला पाठ लावून उभी. घामाने डबडबली होती, आणि शेगडी तर बंद होती. मी म्हटलं, “बघितलंत? तुमच्या कामासाठी भांडलो मी.” ती एकदम रडायला लागली. कौतुक केलं की असं होतं, म्हणून सतरा वर्षांत मी केलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेल्या गुरुवारी अक्कलदाढ काढलेल्या बाईच्या नवऱ्याचा फोन आला. वेल्डर आहे. बायकोला ताप आहे, हनुवटीखाली सूज आहे, गिळता येत नाही म्हणाला. अक्कलदाढेनंतर गिळता येत नाहीच. मी म्हटलं, गुळण्या करायला सांगा, शनिवारी आणा. “शनिवारपर्यंत थांबायचं?” असं त्याने दोनदा विचारलं. एकच प्रश्न दोनदा विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं? फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उजव्या हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं आहे. तोंड बंद होत नाही. तरी सगळं लिहितो.

अकराला वेल्डर आला, एकटाच. शांत माणूस. हातांवर ठिणग्यांचे डाग. बाहेर माणसं भरलेली. म्हणाला, “डॉक्टर, तिचा गळा आतून बंद होत आला होता. काल मोठ्या दवाखान्यात नेलं. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. तिथले डॉक्टर विचारतायत, दात कुठे काढलात.”

मला वाईट वाटलं. हे खरं आहे. पण त्याने ते सगळ्यांसमोर, दारात उभं राहून सांगितलं, आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, “घाणेरडी तोंडं घेऊन यायचं आणि दोष डॉक्टरला द्यायचा.”

तो म्हणाला, “परत म्हणा.”

मी परत म्हणालो. परत म्हणा म्हटलं की मी म्हणतोच, लहानपणापासून.

पहिला ठोसा तोंडावर बसला. माझा वरचा पुढचा दात टक्कन फरशीवर पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, दुसरा हलत राहिला. मीही हातात बांगड्या भरल्या नव्हत्या. हत्यारांचा स्टँड उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचं मला कळलं, आवाजावरून कळतंच. तरी तो थांबला नाही. आम्ही दोघं काचेच्या दारावर गेलो आणि दारासकट बाहेर पडलो. मी त्याच्या छातीवर बसून मारत होतो. किती, ते माहीत नाही. लोक ओढत होते. तो मारायचा थांबला होता हे नंतर कुणीतरी सांगितलं. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले, कारण पहिला हात त्याचा होता, आणि हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

ज्युनिअरने माझा दात फरशीवरून उचलून दुधात ठेवला होता. पोरगी कामाची आहे. सुटलेला दात अर्ध्या तासात परत बसवला तर बहुतेक जगतो. एकवीस वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा आडवा झालो. छताला एक डाग आहे, तो मला माहीतच नव्हता. मी बोटाने घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं झाली होती.

“ताई, पाकीट द्या,” ज्युनिअर म्हणाली.

ताई पाकीट घेऊन उभी होती, पण देईना. हात मागे घेतला.

“ताई!”

“हे नको,” ताई म्हणाली. “साहेबांना हे नको.”

“का? पट्टी काळी आहे ना?”

“काळी मी केलीय.”

तिने खिशातून एक मार्कर काढला. काळा, जाड टोकाचा, खोक्यांवर नावं घालायचा. तो ज्युनिअरच्या पुढ्यात ठेवला आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागली. “चार तारखेपासून. मशीनमधून नुसती कोमट निघतात. मी उकळून घेते, अर्धा अर्धा तास, सकाळी येऊन. मग रेघा ओढते. मला वाटलं उकळली म्हणजे होईल. नाही झालं वाटतं.”

त्यानंतरचं सगळं मला सलग आठवत नाही. मी खुर्चीतून उठलो. तोंडातून रक्त तिच्या अंगावर पडत होतं. मी तिची मान धरली आणि तिला सिंकवर दाबलं. नळ कशाने सुरू झाला माहीत नाही. मी ओरडत होतो, पण पुढचा दात नसल्यामुळे शब्द फुटत नव्हते, नुसती हवा जात होती. तिने हात वर केले नाहीत, सोडवून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. ज्युनिअरने स्टीलचा ट्रे माझ्या मनगटावर मारला, दोनदा. दुसऱ्यांदा मारला तेव्हा सोडली.

दात गेला. दुधात राहून राहून गेला.

एक गोष्ट मला कळत नाही. अठरा दिवस तिने ती पाकिटं सगळ्यांना दिली. शिंप्याला दिली, म्हाताऱ्याला दिली, त्या बाईला दिली. मग मला का दिलं नाही?

किती वेळ टिकला: अजून आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच. सतरा वर्षं! तिच्या पोराच्या शाळेसाठी मी माझ्या ओळखीच्या हेडमास्तरांना चिठ्ठी दिली होती. तिच्या नवऱ्याची कवळी मी केली. आणि तिने माझ्या पाठीमागे मार्करने रेघा ओढल्या, आणि मी रोज सकाळी चष्मा लावून त्या मोजल्या. माझ्यासारखा शहाणा मीच.

मेकॅनिक आला. त्याने मशीनचं दार उघडलं, आणि रबर त्याच्या हातातच आलं, वीतभर फाटलेलं. “हे कधीचंय डॉक्टर?” म्हणाला. नवीन बसवायला त्याला पाच मिनिटं लागली.

ताईने तीन तारखेला रबराचं सांगितलं होतं, हे खरं आहे. मागची पानं उलटून पाहिली, मीच लिहिलंय. पण एकदाच सांगितलं. एवढी महत्त्वाची गोष्ट असेल तर माणूस दोनदा सांगत नाही का?

आरोग्य खात्याने दवाखान्याला सील लावलं. तपासणी गेली, फलक गेला. आता चौकशी होणार, आणि ठरणार ते एकच: परवाना राहतो की जातो. परवाना गेला तर मी कोण? हे विचारायला माझ्याकडे कुणी नाही, म्हणून इथे विचारतो.

बायको म्हणते वेल्डरवरची तक्रार मागे घ्या. “बायको नळीवर आहे आणि तो कोठडीत. अहो, पोरं कुणी बघायची त्यांची?” मी म्हटलं, माझे दात कुणी बघायचे? एक गेला, दुसरा आज काढून टाकावा लागला. ती माझ्या मऊ जेवणाचं ताट टेबलावर ठेवून दुसऱ्या खोलीत जेवायला गेली. हल्ली तिथेच जेवते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कुणाला न सांगता मोठ्या दवाखान्यात गेलो. तोंडाला मास्क लावला होता, ओळखू येत नव्हतो. काचेतून बघितलं. ती बाई माझ्या आठवणीत होती त्याहून लहान आहे, तिशीचीसुद्धा नसेल. गळ्यातली नळी दर श्वासाला शिट्टी मारते. उशाशी तिची सासू पोरीची वेणी घालत बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे खोटं नाही. मी तिच्या तोंडात ते हत्यार घातलं होतं, या हाताने. दाढ काढताना मी तिला म्हटलं होतं, “रडू नका हो, इथली हत्यारं तुमच्या घरच्या भांड्यांहून स्वच्छ आहेत.” तेव्हा ती हसली होती.

परतताना पोलिसांकडे जाऊन तक्रार मागे घेतली. वेल्डरचा खांदा प्लास्टरमध्ये आहे. माझ्यासमोरून गेला आणि थुंकला. माझा हात उठत होता, पण पट्टीत होता.

३ मार्च, सोमवार

ती बाई वाचणार आहे. नळी काढतील पुढच्या आठवड्यात. मी टेबलावर डोकं टेकवून रडलो. बायको दारातून बघून गेली.

वकील घरी आला. चांगला माणूस आहे, हळू बोलतो. म्हणाला, “साधी गोष्ट आहे. दवाखान्याची पद्धत चुकीची होती असं ठरलं तर परवाना जाईल. एका नोकराने तुमच्यापासून लपवलं असं ठरलं तर ताकीद देऊन सोडतील. आणि लपवलं हे खरंच आहे की.” खरंच आहे. यात मी एक अक्षरही खोटं बोलत नाही.

ताई दुपारी आली, वकिलानेच बोलावली होती. गळ्याला रुमाल गुंडाळलेला. सोफ्याच्या टोकावर बसली, जशी रुग्ण बसतात. कागद वाचलाही नाही. म्हणाली, “सगळं माझ्यावर घ्या साहेब. मीच केलंय. माझं काय, मी घरी बसेन.” आणि सही केली. मला तिचा राग येत होता, तरी तेवढ्यापुरता आला नाही. मी म्हटलं, “ताई, तेव्हा नीट सांगितलं असतंत तर ही वेळ आली नसती.” ती म्हणाली, “हो साहेब.” बायकोने तिला चहा दिला आणि दारापर्यंत पोचवायला गेली. दोघी फाटकाशी बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या ते विचारलं, तर म्हणाली, “काही नाही.”

१२ मार्च, बुधवार

चौकशी झाली.

लांब टेबल. समोर तिघं: खात्याच्या तपासनीस बाई, एक निवृत्त डॉक्टर आणि लिहून घेणारा क्लार्क. माझ्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला ज्युनिअर, मागे वकील. तपासनीस बाई नव्या दातांनी बोलणाऱ्या माणसासारख्या, शब्द जपून बोलत होत्या. माझे दात नवे आहेत, म्हणून मला ते कळतं.

सुरुवात इतकी चांगली झाली की मला हसू येत होतं. त्या म्हणाल्या, मी दोनशे दवाखाने पाहिलेत, इतकी चोख रजिस्टरं, इतकी स्वच्छ फरशी पाहिली नाही. निवृत्त डॉक्टरांनीही मान हलवली. माझा ऊर भरून आला. वकिलाने मागून माझ्या पाठीवर हळूच बोट टेकवलं, म्हणजे काम होतंय.

मग ताईचा जबाब वाचला. “मार्करने रेघा तुम्हीच ओढल्यात?”

“हो.”

“डॉक्टरांना माहीत होतं?”

“नाही मॅडम. साहेबांना काहीच माहीत नव्हतं.”

“किती पाकिटं असतील?”

“सहाशेच्या वर असतील.”

“उकळल्याने पुरत नाही, हे तुम्हाला सतरा वर्षांत कळलं नव्हतं?”

“कळलं होतं.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत? तुमच्यापासून दहा पावलांवर तर बसायचे ते. जाऊन एवढंच म्हणायचं होतं की पट्टी फिकट आहे.”

जबाबात याचं उत्तर होतं, वकिलाने लिहून दिलं होतं: निष्काळजीपणा आणि कामाचा कंटाळा. तिने तेवढंच म्हणायचं होतं. ती म्हणेना. तोंड उघडायची आणि मिटायची. बाई थांबल्या. माझ्या घशाला कोरड पडली. पाण्याचा ग्लास ताईच्या बाजूला होता, थोडा पुढे. मी तो घ्यायला हात उचलला.

ताई खाली वाकली. दोन्ही हात डोक्यावर, कपाळ टेबलाच्या कडेला, खांदे कानांपर्यंत. एका क्षणात, काही विचार न करता, गरम भांड्यावरून हात काढतात तशी. आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची कर्रकन वाजली. वळून पाहिलं तर ज्युनिअर. तीही वाकली होती, हाताचं कोपर तोंडापुढे धरून. एम्.डी.एस्. झालेली, इंग्रजी बोलणारी मुलगी.

मी ग्लास उचलला नाही. हात तसाच राहिला, टेबलाच्या वर.

त्या दोघी हळूहळू सरळ झाल्या. ताईने रुमाल नीट केला. ज्युनिअर लाल झाली होती, तिने पेन पडल्यासारखं करून खाली बघितलं. पेन पडलं नव्हतं.

तपासनीस बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग क्लार्कला म्हणाल्या, “प्रश्न क्रमांक सात. उत्तर मिळालं, असं लिहा.”

“कुणी काही बोललंच नाही!” मी म्हणालो. “मी पाणी घेत होतो. नुसतं पाणी घेत होतो!” माझा आवाज चढला असावा, कारण क्लार्कने खुर्ची मागे सरकवली. त्या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही.

परवाना गेला. पाच वर्षांसाठी, म्हणजे कायमचाच, मी त्रेपन्न वर्षांचा आहे. ताईला ताकीद मिळाली. बाहेर पायऱ्यांवर वकील म्हणाला, आपण वर दाद मागू. मी म्हटलं, “कशाविरुद्ध? वाकण्याविरुद्ध?”

घरी आलो तेव्हा बायको कपडे घड्या करत होती. तिला सगळं सांगितलं. ग्लास कुठे होता, मी कुठे होतो, ताई कशी वाकली. तिला नीट कळावं म्हणून हात तसाच उचलून दाखवला आणि विचारलं, “मी हात उचलला की तूही असं करतेस का? खरं सांग.”

ती भिंतीपर्यंत मागे गेली होती. घडी केलेला शर्ट छातीशी धरून म्हणाली, “आधी तो हात खाली घ्या. मग सांगते.”